हुद्द्याच्या रकान्यात

बकुळाच्या गळ्यातल्या कार्डावर सतरा वर्षं ‘हेल्पर’ असं छापलेलं होतं आणि सतरा वर्षांत तिनं ते कधी धड वाचलं नव्हतं. वाचायची गरजच पडली नव्हती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या जीन्सच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की फर्मे बकुळा काढते. फर्मा म्हणजे पुठ्ठ्यावर आखून कापलेलं माप. त्याच्यावर कापड कापायचं, मग शिवायचं. फर्म्यात पाव इंच चुकला, की हजार पँटींमध्ये पाव इंच चुकला.

सुरुवातीला ती खरोखरच हेल्पर होती. मुरबाडकडची मुलगी, लग्न होऊन बदलापूरला हेंद्रेपाड्यात आली, आणि लेक ऋतिका बालवाडीत जायला लागल्यावर कामाला लागली. आण्णा नावाचे म्हातारे मास्टर होते, त्यांच्या हाताखाली कापडाचे थर लावायचं काम मिळालं. आण्णा फार बोलायचे नाहीत, पण बाईच्या हातात कात्री द्यायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. गुडघे थकल्यावर ते साताऱ्याकडे गावी परतले, तेव्हा मालक मुरलीसेठ म्हणाला, नवा मास्टर बघतो, तोवर तू सांभाळ. त्या ‘तोवर’ला अकरा वर्षं झाली होती.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कॉलेजनं ऋतिकाच्या वर्गाला सांगितलं होतं की शेवटचं वर्ष आहे, सगळ्यांनी लिंक्डइनवर खातं उघडा, नोकरी देणारे हल्ली आधी तिथं बघतात. रविवारी दुपारी पोरगी मोबाइल घेऊन बसली आणि एकेका रकान्यावर अडली. अनुभव काय लिहू, कौशल्यं काय लिहू. शेवटी वैतागून म्हणाली, माझ्याकडे लिहायला काही नाही, त्यापेक्षा तुझंच काढू. बकुळा तांदूळ निवडत होती. तिनं हसून काढ म्हटलं.

नाव झालं, गाव झालं. मग ऋतिकानं हुद्दा विचारला. बकुळानं हेल्पर सांगितलं.

“हेल्पर म्हणजे दिवसभर काय करतेस नक्की?”

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बकुळानं सांगायला सुरुवात केली आणि तासभर ती सांगतच राहिली. कापडाचा नवा तागा आला की त्यातून तुकडा काढायचा, त्यावर पन्नास सेंटीमीटरचा चौकोन आखायचा, आणि तुकडा धुवायला पाठवायचा. परत आला की चौकोन मोजायचा. उभा किती आटला, आडवा किती आटला. मग तेवढं धरून फर्मा वाढवायचा. एका ताग्याचं गणित दुसऱ्याला लागत नाही, ताणाचं, म्हणजे स्ट्रेचचं कापड तर मेलं दर खेपेला वेगळं वागतं. पोरगी ऐकत होती, मध्येच टाइप करत होती. तांदूळ तसेच राहिले.

“आई, याला पॅटर्न मास्टर म्हणतात,” ऋतिका म्हणाली. “सतरा वर्षांचा अनुभव लिहिते.”

“अकरा लिही. पहिली सहा मी थर लावायचे.”

पडद्यावर ते शब्द उमटले तेव्हा बकुळानं ते दोनदा वाचले. कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं तिनं पोरीला विचारलंही. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं हात पदराला पुसले आणि ‘सेव्ह’चं बटण स्वतःच दाबलं.

पहिल्या आठवड्यात ओळखी जोडल्या गेल्या त्या ऋतिकाच्या मैत्रिणींच्याच. मग पोरीनं घरी एक छोटा व्हिडिओ काढला. बकुळा चौकोन आखते आणि सांगते, धुऊन बघितल्याशिवाय कापड कापू नका. फार लोकांनी पाहिला असंही नाही. पण अंबरनाथच्या एका बाईनं खाली प्रश्न लिहिला. संजीवनी तिचं नाव, शिवमंदिराच्या पलीकडे शेडमध्ये एमआयडीसीच्या कामगारांचे शर्ट-पँट एकत्र असलेले बॉयलर सूट शिवून द्यायची. धुतल्यावर पाय पिळतो, बाजूची शिवण पुढे येते, काय करू, असं तिनं विचारलं होतं. बकुळानं रात्रीची भांडी बाजूला ठेवली आणि एका बोटानं उत्तर लिहिलं: कापड किती तिरकं सरकतं ते धुऊन मोजा, आणि फर्मा तेवढाच उलट बाजूला फिरवा. चार दिवसांनी संजीवनीनं सरळ पायाच्या सुटाचा फोटो टाकला. तो फोटो बकुळानं दिवसातून तीनदा उघडून पाहिला. तिचं काम कळणारं माणूस कारखान्याच्या भिंतींबाहेरही आहे, हे तिला नवीन होतं.

कमळाकरनं तिला बोलावलं ते त्यानंतर. कमळाकर प्रॉडक्शन मॅनेजर, दोन वर्षांपूर्वी आलेला. माल घेणाऱ्या कंपनीत त्यानं सांगून ठेवलं होतं, की आमचे पॅटर्न बाहेरचा शिकलेला डिझायनर करतो. आता तिथल्या कुणीतरी बकुळाचं लिंक्डइनवरचं पान पाहून फोन केला होता. तुमची मास्टर बाई आहे, कधी बोलला नाहीत, असं विचारलं होतं.

कमळाकर ओरडला नाही. बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि म्हणाला, ताई, ते काढून टाका. आमच्या रेकॉर्डला तुम्ही हेल्पर आहात. दुसरं काही लिहिणं म्हणजे खोटेपणा, कंपनी कारवाई करू शकते.

बकुळानं गळ्यातलं कार्ड बोटानं वर धरलं.

“खोटं रेकॉर्डला आहे, साहेब. मी लिहिलंय ते खरं आहे.”

“दोन दिवस देतो,” कमळाकर म्हणाला. “विचार करा.”

चहा तिनं घेतला नाही.

घरी तिनं हे रघुला सांगितलं. तिचा नवरा अंबरनाथला एमआयडीसीत ठेक्यावर होता, नऊ वर्षं दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करत आलेला. माणसाला घरी कसं पाठवतात ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला, शब्दानं पोट भरत नाही. पुसून टाक, काम तर तुझंच राहणार आहे ना. बकुळाला त्याचा राग आला नाही, कारण कालपर्यंत तीही हेच म्हणाली असती. पण तिनं एवढंच सांगितलं, की मी आयुष्यात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली, ती मी पुसणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कटिंगच्या टेबलापाशी दुसराच माणूस उभा होता. बकुळाला वरच्या मजल्यावर धाग्याच्या कामावर पाठवलं होतं. शिवून आलेल्या पँटीचे लोंबते धागे कापायचे, दिवसभर, मांडी घालून. नव्यानं आलेल्या बाईला देतात ते काम. बकुळानं छोटी कात्री घेतली आणि सगळ्यांच्या मध्ये जाऊन बसली. तोंड लपवायचं नाही, एवढं तिनं जिना चढतानाच ठरवलं होतं.

तिथं गयाबाई होती. खरवईची, साठीला टेकलेली, काज-बटणाच्या मशिनीवर बावीस वर्षं काढलेली. जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळं विचारून घेतलं. कशावर लिवलं, काय लिवलं, कोण वाचतं. मग डब्याचं झाकण लावून आपला मोबाइल पुढे सरकवला.

“बाय, माजा पन उघडून दे.”

“गयाबाई, मला धाग्यावर बसवलंय, बघताय ना.”

“बघतंय म्हनूनच सांगतंय.”

मग बकुळानं पोरीनं तिला विचारलं होतं तेच गयाबाईला विचारलं. दिवसभर करता काय? गयाबाईनं सांगितलं. काज पडतं कुठं, सुई तापली की आवाज कसा बदलतो, जाड कापडाला कमरेवर बटण लावताना मशिनीला कुठं थांबवायचं. हुद्द्याच्या रकान्यात बकुळानं लिहिलं: ‘काज-बटण कारागीर, बावीस वर्षं.’ गयाबाईला वाचता जेमतेम येत होतं. तिनं ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली आणि बाजूच्या बनूबाईला दाखवली.

दुसऱ्या दिवशी बनूबाईचं खातं निघालं. ती धुऊन आलेल्या मालातले डाग आणि फाटकी शिवण शोधायची, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. मग ओव्हरलॉक मशिनीवरच्या दोघी, मग इस्त्रीवाली. कुणाचा फोन फुटका, कुणाचा नवऱ्याच्या नावावर, एकीनं तर लेकाचा मेल आयडी वापरला आणि घरी जाऊन बोलणी खाल्ली. एक जण घाबरली आणि संध्याकाळी पुसून टाकून आली. तिला कुणी काही म्हटलं नाही. आठवड्याभरात नऊ जणींची पानं झाली. नऊ जणींच्या कार्डांवर हेल्पर होतं, आणि नऊ पानांवर हेल्पर हा शब्द कुठंच नव्हता.

लिंक्डइनवर एकमेकांच्या कामाची शिफारस लिहिता येते, हे ऋतिकानं सांगितलं. गयाबाईला लिहायचा कंटाळा. तिनं मोबाइल तोंडापाशी धरला आणि बोलून टाकलं. मोबाइलनं अर्धे शब्द चुकीचे धरले, बकुळानं ते नीट करायला घेतले तर गयाबाईनं तिला हात लावू दिला नाही, बनूबाईकडून करून घेतले. आपल्याबद्दलचं आपण दुरुस्त करायचं नसतं, म्हणाली. शिफारस अशी होती: ‘आण्णा मास्टर गेल्यापासून या कारखान्यातले सगळे फर्मे बकुळाने काढले. मी रोज बघितले. कुणाला शंका असेल तर मला विचारा.’ खाली गयाबाईचं पूर्ण नाव. बाकी आठ जणींनीही आपापल्या शब्दांत तेच लिहिलं.

सोमवारी मुरलीसेठनं केबिनमध्ये बोलावलं. कमळाकर शेजारी उभा होता. टेबलावर एक टाइप केलेला कागद: मी हेल्पर म्हणून काम करते, गैरसमजातून चुकीचा मजकूर टाकला, तो काढत आहे.

सेठ वाईट माणूस नव्हता. ऋतिकाच्या दहावीला त्यानं पेढ्यांचा डबा पाठवला होता. तो कमळाकरला बाहेर जा म्हणाला, आणि मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बकुळाला समजावू लागला. काम तुझं एक नंबर, मी कुठे नाही म्हणतो. पण कागदावर तुला मास्टर केलं तर तुझी कॅटेगरी बदलते. कुशल कामगार होतेस. पगार, पीएफ, सगळं त्या हिशेबानं. तुझं केलं की त्या नऊ जणींचं करावं लागतं.

बकुळा ऐकत होती आणि तिला हळूहळू उमगत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की कार्ड बदलायचं राहून गेलंय, विसरलेत. विसरलं कुणीच नव्हतं.

“म्हणजे शब्दाला किंमत आहे, सेठ,” ती म्हणाली. “मला घरी सांगत होते, नसते म्हणून.”

सेठनं पेन पुढे केलं. तिनं हात मांडीवरच ठेवले.

“सही मी करणार नाही. मला अनुभवाचं पत्र द्या. अकरा वर्षं फर्मे काढले एवढंच लिहा, जास्त काही नको.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर नऊ जणींनी लिहून दिलंय. ते माझ्यापाशी आहे.”

सेठनं पेनाला टोपण लावलं. म्हणाला, दोन दिवस घरी राहा, मग बोलू. बकुळानं वर जाऊन डबा घेतला, गयाबाईला झालं ते सांगितलं आणि भर दुपारी जिना उतरली. रसवंतीच्या बाकावर बसून ती पाणी प्यायली. इतक्या वर्षांत दुपारी दोन वाजता ती या गल्लीत कधी मोकळी उभी राहिली नव्हती. थोडा वेळ ती नुसती माणसं बघत बसली. मग मोबाइल काढला आणि संजीवनीला लिहिलं, की तुमच्याकडे कधी येऊन बघू का.

दुसऱ्या दिवशी ती अंबरनाथला गेली. रघु स्टेशनपर्यंत सोबत आला. रस्ताभर तिची पिशवी त्यानंच धरली होती. शेड लहान होती, मशिनी आठ, पंखे दोन, टेबल कॅम्प पाचच्या टेबलाच्या निम्मं. संजीवनी बडबडी होती आणि स्पष्टही. म्हणाली, लिहिलेलं वाचलं, पण मी हातानं केलेलं बघते. तिनं खाकी ड्रिल कापडाचा तागा टाकला, एक चापूनचोपून बसणारा बॉयलर सूट दाखवला आणि म्हणाली, याचा फर्मा काढा, पण कामगाराला यात खाली वाकता आलं पाहिजे. बकुळानं आधी तुकडा कापून धुवायला मागितला. संजीवनी हसली. म्हणाली, हे मागितलं नसतं तर चहा देऊन परत पाठवणार होते.

तुकडा वाळेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी सूट शिवून झाला तेव्हा शेडमधल्या सगळ्यात जाड माणसानं तो घातला, उकिडवा बसला, उठला. कुठं उसवलं नाही. पगार जुन्यापेक्षा थोडा कमीच ठरला, कारण शेड लहान होती. बकुळानं मान्य केलं, मात्र नेमणुकीच्या पत्रात काय लिहिणार ते आधी वाचून घेतलं, आणि ‘मास्टर’ या शब्दात चुकून पडलेली वेलांटी काढायला लावली.

मुरलीसेठचं पत्र महिन्यानं आलं. त्यात ‘फर्मा विभागात सहाय्य’ असं गुळमुळीत लिहिलं होतं. बकुळानं ते परत पाठवलं. अजून नवं आलेलं नाही. तिचं पान मात्र तसंच आहे, आणि त्यावरच्या शिफारशी आता चौदा झाल्या आहेत.

परवा ती टेबलाशी उभी असताना गयाबाईचा फोन आला. कारखान्यात आवाज होता, ती ओरडूनच बोलत होती. नव्या माणसाला ताणाचं कापड उमगत नव्हतं. कमळाकर वर येऊन विचारत होता, बकुळा तुकडा कसा तपासायची ते कुणाला माहीत आहे का.

“मग?” बकुळानं विचारलं.

“मी सांगितला, मना येतंय,” गयाबाई म्हणाली. “पन आदी माजा काम काय तां लिवून द्या, मंग हात लावतंय.”

“दिलं का?”

“खाली गेलाय सेठला विचाराला,” गयाबाई म्हणाली. “मी बसलंय हितंच.”