काळजाला सत्तावन्न गुण

मी पिशवी बोलतेय. अंगाने खाकी, दोन बंदांची, एका कोपऱ्यात लाल शाईचा डाग पडलेली. रस्त्याने कॅरीबॅगा उडतात त्या काळात मला कोण विचारतं, असं तुम्हाला वाटेल. पण सुलतानपुरातल्या भाऊराव गुरुजींच्या घरी माझ्यावाचून पान हलत नाही, हे मी छाती फुगवून सांगते.

माझा जन्म गुरुजींच्या बायकोच्या, भिमाबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. लेकरांच्या गणवेशाचं कापड उरलं होतं. "फेकू काऊन?" म्हणत त्यांनी मला शिवलं आणि नवऱ्याच्या हाती दिलं. गुरुजी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. मी वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका वाहिल्या. पेपर तपासायला गुरुजी ओसरीत बसले की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. चौतीसवर अडकलेल्या पोराचा पेपर तर ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचत, कुठे एखादा गुण लपून बसलाय का ते शोधत. असा मऊ मनाचा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. तसा मी मास्तर एकच पाहिला, ते सोडा.

गुरुजी निवृत्त झाले आणि माझी पण बदली झाली. मेथी, वांगी, कधी मसूर. मग रक्तदाबाच्या गोळ्या आल्या आणि त्यांच्यामागून रिपोर्ट. मेथीचा वास परवडला, पण औषधांचा नको.

शेगावला एका शिबिरात गुरुजींच्या हृदयाची पहिली सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी "चांगलं आहे" म्हणून पाठ थोपटली. रिपोर्टमध्ये एका ओळीत पासष्ट टक्के लिहिलं होतं. गुरुजी खूश झाले. पासष्ट म्हणजे पहिला वर्ग! येताना त्यांनी पेढे घेतले, आणि ते माझ्यातूनच आले.

पुढच्या वर्षी बुलढाण्याला तीच तपासणी झाली. रिपोर्ट हाती आला तोवर डॉक्टरांची वेळ संपली होती. उद्या दाखवू म्हणत गुरुजी एसटीत बसले, मला मांडीवर घेतलं आणि कागद बाहेर काढला. सत्तावन्न टक्के. कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या तळाशी दडवला.

घरी आल्यावर त्यांनी काय केलं असेल? मास्तरच ते, त्यांनी हिशेब मांडला. वर्षाला आठ गुण गेले. पुढे एकोणपन्नास, मग एक्केचाळीस, मग तेहतीस. पस्तीसच्या खाली! म्हणजे तिसऱ्या वर्षी काळीज नापास. पोरांना एकेक गुण शोधून देणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र क्षणात नापास करून टाकलं. आणि डॉक्टरांकडे जाणं राहिलं ते राहिलंच. खिळ्यावर टांगून घेत मी धूळ खात बसले.

त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं. पाण्याची बादली उचलेनात. शेवटी भिमाबाईंनी खोदून विचारलं तेव्हा ते बोलले, "भिमा, माह्याजवळ तीनच वर्षं हायेत."

नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या लेकीची, धम्मशीलेची निवड झाली होती. रत्नागिरीच्या सरकारी तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी. घरातली दुसरी पिढी खडू हातात घेणार होती. पण बापाचं ऐकून पोरीने नेमणुकीचा कागद बाजूला ठेवला.

"मी नाही जात, बाबा. तुमाले असं सोडून इतक्या दूर कशी जाऊ?"

गुरुजी "जा" म्हणाले नाहीत. तिने जाऊ नये असं त्यांना वाटत नव्हतं, पण भीती माणसाचं तोंड शिवते. मला त्यांचा फार राग आला, आणि तितकंच वाईटही वाटलं.

राग मला एकटीलाच आला नव्हता. भिमाबाईंनी मला खिळ्यावरून काढून फाडकन झटकलं.

"जलमभर पोरायले सांगतलं ना तुमी, समजलं नाही तं हात वर करा? मंग आता सोता काऊन नाही इचारत? उठा, चाला बुलढाण्याले!"

बुलढाण्याच्या डॉक्टर पुष्पांजली मॅडमनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी त्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीचे उपकार मी विसरणार नाही.

"गुरुजी, हे शंभरपैकी गुण नाहीत. हृदय दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकतच नाही. निम्म्याहून थोडं जास्त टाकलं की काम चोख. तुमचं पासष्टही चांगलं आणि सत्तावन्नही चांगलं."

"पण आठ कमी झाले ना, मॅडम?"

"एकच निबंध दोन मास्तरांनी तपासला तर गुण सारखे पडतात?"

गुरुजी म्हणाले, "नाही. थोडाफार फरक पडतेच."

"मग तेवढ्याने पोरगं बिघडलं का?" मॅडम हसल्या. "मशीन वेगळं, मोजणारा वेगळा. बाकीचा रिपोर्टही मी पाहिला, काही बिघडलेलं नाही. गोळी चुकवू नका, फिरणं सुरू करा. दम लागला, पाय सुजले, छातीत दुखलं तर मात्र लगेच या. घरी बसून हिशेब करू नका."

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच! भिमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजींनी मॅडमना हात जोडले, मग बायकोकडे वळून तिलाही जोडले. "अवो, लोकायसमोर काय करता!" म्हणत त्या लाजल्या. माझ्या तर शिवणीशिवणीत जीव आला.

बाहेर पडल्या पडल्या गुरुजींनी लेकीला फोन लावला. "धम्मशीले, बॅग भर. तुह्या बापाले काही झालं नाही. म्याच येडा झालो होतो. जाय बाई, शिकव पोरायले."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, मग हसणं.

आता माझे बंद विरलेत, तळाला ठिगळ आहे. पण मी तृप्त आहे. मला शिवणाऱ्या हातांची, समजावून सांगणाऱ्या त्या डॉक्टरची, आणि शेवटी का होईना, विचारायला गेलेल्या माझ्या गुरुजींची मी ऋणी आहे. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण रिपोर्ट सांभाळत टांगलेली असेल. तिच्यातले कागद एकटे वाचून घाबरू नका, कळणाऱ्याकडे घेऊन जा. एवढंच मागणं.

परवा यंदाची तपासणी झाली. मॅडमनी "छान" म्हटलं आणि रिपोर्ट माझ्यात ठेवला. बुलढाण्यापासून घरापर्यंत गुरुजींचा हात एकदाही आत आला नाही. संध्याकाळी रत्नागिरीहून फोन आला.

"बाबा, कितीवर आलं?"

"पाह्यलं नाही व," गुरुजी म्हणाले. "तू सांग, आज वर्गात हात कोणी कोणी वर केला?"