रुखवतातलं मेनूकार्ड

मी आगबोटीवरचं एक मेनूकार्ड बोलतोय. म्हणजे त्याचा वरचा अर्धा भाग. खालचा आता बोलू शकत नाही.

माझ्यावर एक पांढरी आगबोट आहे, नारिंगी आभाळ आहे आणि कठड्याला टेकलेली, छत्री घेतलेली एक बाई. खाली त्या रात्रीचं जेवण छापलं होतं. बोटीवर रोज नवं जेवण, रोज नवं कार्ड. आमचं आयुष्य एका जेवणाचं. साहेबलोक उठताना आमच्यावर सूप सांडून जायचे.

निपाणीकडचे कल्लाप्पा त्या बोटीवर बशा धुवायला होते. त्यांनी मला उचललं, ते आधी हात पुसून. ज्या टेबलावर त्यांना कधी बसता आलं नाही, त्याची ही एवढीच वस्तू त्यांनी घरी आणली आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून टाचली.

ते गेल्यावर त्यांची नात रचना हिला मी सापडलो. तेव्हापासून तिला नादच लागला. रद्दीच्या दुकानांतून, जुन्या बाजारांतून ती माझी भावंडं गोळा करायची. कुणी आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं, कुणी गोव्याच्या बोटीवरचं. डिंक नाही, टाचणी नाही, प्रत्येकाला वेगळा बटरपेपर. मैत्रिणी म्हणायच्या, "दुसऱ्यांचं जेवण वाचून पोट भरतंय व्हय गं तुझं?" ती हसायची. बोलणं तिच्या स्वभावातच कमी.

लग्न ठरलं वडगावच्या नागेंद्रशी. बघायला आला तेव्हा तो म्हणाला होता, "हॉलमध्ये लावू या सगळी." तेवढ्या एका वाक्यावर तिनं मला रुखवतात मांडलं, क्रोशाचे रुमाल आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या मधोमध.

बायका कौतुकानं वाकून बघत होत्या. नवरदेवाला आपल्या इंग्रजीचा मोठा अभिमान. त्यानं मला उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला. सूप झालं, मासा झाला, कोंबडी झाली.

"कोल्ड ऑक्स टंग."

"म्हंजे काय रं?" त्याच्या आत्यानं, अक्काताईनं विचारलं.

तिथं गप्प बसायचं. पण शिकलेला माणूस. "बैलाची जीभ, थंड केलेली."

या घरात मटण चालतं, श्रावण सोडून. पण सासू गुणाबाईंचा चेहरा उतरला. "बेंदराला ज्याची शिंगं रंगवतो, त्याची जीभ मांडलीसा व्हय गं रुखवतात?"

रचना एवढंच म्हणाली असती की हे माझ्या आज्जानं आणलंय, त्यानं तिथं नुसत्या बशा धुतल्या, तर भागलं असतं. तिनं मान खाली घातली. घरी गेल्यावर सांगू, असं तिला वाटलं असावं. नव्या नवरीला नेहमी असंच वाटतं.

वडगावला लग्नानंतरची पूजा झाल्यावर नागेंद्र कात्री घेऊन आला. रागानं नाही, अगदी प्रेमानं. "चित्र लई भारी हाय गं, टाकायचं कशाला? तेवढं खालचं काढू या, म्हंजे आईचंबी मन राहतंय."

कात्री सरळ चालली. त्याचा हात चांगला आहे.

खालचा तुकडा गुणाबाईंनी न्हाणीच्या चुलीत घातला. त्या दिवशी त्यावर तापलेल्या पाण्यानं पहिली अंघोळ नव्या सुनेची झाली.

आता मी हॉलमध्ये काचेत असतो. पाहुणे विचारतात. नागेंद्र सांगतो, "मिसेसना चित्रांची आवड हाय." रचना चहाचे कप ठेवते आणि आत जाते.

परवा तो पुन्हा म्हणाला, "बाकीची पण काढ की. बघून बघून कापू, भिंत भरून जाईल."

ती पहिल्यांदा लगेच बोलली. "ती मी निपाणीला पाठवून दिली."

"बरं केलंस," तो म्हणाला. "कपाटात जागा झाली."

माझी भावंडं निपाणीला गेलेली नाहीत. ती तिच्या ट्रंकेत आहेत, शालूच्या खाली. संसाराला महिनाही झाला नाही आणि तिला घरात लपवाछपवी करायची वेळ आली.

मला काचेचं कौतुक नाही. माझं मागणं एवढंच: कुणाचं काही जपणार असाल, तर न आवडणाऱ्या ओळीसकट जपा. नाहीतर सबंधच चुलीत घाला. निदान पाणी तरी नीट तापेल.