टाकीच्या रंगाची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि वर्सोव्याच्या खाडीत माझ्याइतकं नाक वर करून फिरणारी दुसरी कुणी नाही. मला दोन पोटं आहेत, मधे ताणलेली जाळी आणि वर शीड. मला कॅटमरान म्हणतात.

माझं तारुण्य एका क्लबात शर्यती मारण्यात गेलं. मग वादळात डोलकाठी मोडली आणि हौशी मंडळींनी पाठ फिरवली. शेवटी शेवंतीबाय कोळणीने मला आपल्या दारापाशी ओढून नेलं आणि माझ्या जाळीवर बोंबील वाळत घातले. बोंबलांना मी नावं ठेवत नाही. पण जिथे बसून माणसं वारा कापत जायची तिथे दिवसभर कावळे बसू लागले, याचं फार वाईट वाटायचं.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. सहदेव मूळचा मालवणकडचा. संपात नोकरी गेली, तेव्हापासून तो चारकोपला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा. बायको प्रेमाबरोबर मासळी घ्यायला आला आणि माझ्या पोटावर टिचकी मारून तिथेच थांबला.

"शेवंतीबाय, ही होडी देता?"

"चालवता येते का तुला?"

"नाही."

शेवंतीबाय हसली. "क्लबाची शर्यत पुरी करून दाखव, होडी तुझी. नाही जमलं तर माझ्या बोंबलांना परत दे."

माझं उरलेलं आयुष्य त्या बोलीवर टांगलं गेलं.

सहदेवने सुटीच्या दिवशी मला पॉलिश पेपरने घासलं, चिरांवर फायबरचे थर चढवले, जुनी डोलकाठी शोधून आणली. टाक्यांचा उरलेला काळा रंगही मलाच फासला. "माझ्या हातची टाकी आजवर गळली नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. दोन्ही पोटांच्या मागच्या टोकाला माझी बुचाची भोकं होती. आत शिरलेलं पाणी काठावर आल्यावर तिथून सोडून द्यायचं असतं. पण टाकीवाल्याला भोक म्हणजे खोट. त्याने तीही लिंपून टाकली. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

दोघं नवराबायको शीड धरायला शिकली, म्हणजे बरेचदा पाण्यात पडली. प्रेमा साडीचा काष्टा घालून जाळीवर बसायची आणि पडली की आधी नवऱ्याला शिव्या घालायची.

शर्यतीच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र होड्यांत मी एकटी काळी. "टाकी आली," कुणीतरी म्हणालं. वारा मिळाला तशी मी दोन होड्यांना मागे टाकलं. मग डाव्या पोटाच्या एका जोडातून पाणी शिरू लागलं. मी एका अंगाला कलले, जड झाले, सगळ्या पुढे निघून गेल्या. सहदेवने मला कशीबशी मढच्या वाळूला लावलं. काठाला टेकायला मनाई नव्हती. पण पाणी काढायचं कुठून?

"भोक पाड," प्रेमा म्हणाली.

"माझी टाकी कधी गळली नाही गो."

"मग आज गळू दे ना एकदा. बोंबील वाळवायला देणार आहेस का हिला?"

सहदेवने पेचकस उचलला. लिंपलेल्या भोकावर, स्वतःच्याच सुबक कामावर, त्याने घाव घातला. पाणी भळाभळा वाहून गेलं. प्रेमाने पदराची चिंधी फाडून भोकात घट्ट कोंबली, आणि आम्ही पुन्हा निघालो.

आमचा नंबर शेवटचा आला. पण शर्यत आम्ही पुरी केली. मित्रांनो, पहिल्या नंबरच्या दिवसांतही माझी छाती इतकी फुलली नव्हती.

किनाऱ्यावर शेवंतीबाय बोंबलांची टोपली घेऊनच उभी होती. तिने मला डोळे भरून पाहिलं.

"आता बोंबील वाळवायला मला बांबू आणावे लागणार," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन घरी गेली.

आज माझ्या दोन्ही भोकांना लाकडी बुचं आहेत. दर फेरीनंतर सहदेव ती स्वतः उघडतो आणि पाणी निथळेपर्यंत बाजूला बसून राहतो. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू आली तर तिला जरूर रंगवा, नटवा. पण तिचं एखादं भोक बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, एवढं मात्र विचारा.