गठ्ठा घरात हाय तवर

आमच्या घरात एप्रिलमध्ये भांडायचं न्हाई, हा नियम मीच केलेला. आमचे हे, चांगदेव सर, दौंडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे आन् बोर्डाचे दहावीचे पेपर तपासायला घरी आणायचे. गठ्ठा घरात हाय तवर मी तोंडाला कुलूप लावायचे. माझं तोंड कसं हाय, ते कॉलनीत कुणालाबी विचारा.

सत्त्याण्णव साली तर जास्तच जपावं लागलं. दोन पोरं झाल्यावर मी स्वतःच सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसलेली. आधी दोनदा गणितात आपटले व्हते. ही शेवटची खेप, असं सासूबाईंनी बजावलेलं. पास झाले तर अंगणवाडीत लागणार, न्हाई तर परत लोकांच्या कांद्यात खुरपं. माझा पेपर कुठल्या गावाला, कुणाच्या हातात गेलाय, देव जाणे.

एका दुपारी हे शाळेतून आले ते धुमसतच. सुपरवायझरची जागा ह्यांच्या हक्काची, ती संस्थेनं मागनं आलेल्या माणसाला दिली. मला लई वाईट वाटलं. इतकी वर्सं राबलेला माणूस! जेवा म्हणलं तर ऐकंनात. लाल पेन घेऊन बसले. एरवी तपासताना पुटपुटत्यात, इथपर्यंत बरोबर आलास की रे. त्या दिवशी चकार शब्द न्हाई. सहा पेपर सटासट बाजूला पडले.

मग मला ऱ्हावलं न्हाई. मी गठ्ठ्यावर हात ठेवला.

"हात काढ, करुणा."

"न्हाई काढत. माझा पेपरबी असाच कुणाच्या तरी घरात असंल. त्या मास्तरला कुणी काय बोललं, तर मी नापास व्हायचं का?"

ह्यांनी लाल पेन खाली ठेवलं. मग उठले, तोंड धुतलं, गुमान दोन भाकरी खाल्ल्या. ते सहा पेपर परत पुढ्यात घेतले. एका पोराचं उत्तर चुकलेलं, पन पायऱ्या बरोबर व्हत्या. ह्यांनी आधी सरळ भोपळा दिलेला. तो खोडून तीन मार्क दिले, शेजारी सही केली आन् परत बेरीज मारली.

"पास झालं गं हे," हे हळूच म्हणाले.

कुणाचं पोर, कुठलं, मला काय ठाऊक? माझा निकाल तर अजून लांब व्हता. तरी पदर तोंडाला लावून मी हुमसून हुमसून रडले.