पहिल्या दाराशी तीन गाठी

मी एक जुना सुती दोर आहे, मित्रांनो. तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड, चांगला चाळीस हात लांब, आणि अंगावर सहा गाठी. मला पाहून तुम्ही म्हणाल, कपडे वाळत घालायला बरा आहे. तसे म्हणणारे पुष्कळ भेटले. एकाने तर माझ्यावर ओली छत्री अडकवली होती. मी बोलत नाही, म्हणून लोकांना वाटते की मला काही म्हणायचे नाही. आज मात्र मला सांगायचेच आहे. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. मला हात नाहीत हे खरे, पण ज्या हाताने माझ्यावर विश्वास ठेवला त्याला इजा झाली, आणि ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म मी आज जिथे आहे त्याच इमारतीत झाला. इथे पूर्वी पुठ्ठ्याची खोकी बनत. आता इथे एक केंद्र आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, एखादी गोष्ट उमजायला जरा वेळ लागतो, अशी माणसे रोज सकाळी इथे येतात. ज्यांना हे सगळे जमते तीही येतात. कोणी शिवते, कोणी खुर्च्या विणते, कोणी नुसत्या गप्पा मारून घरी जाते आणि दमलो म्हणून सांगते. केंद्राचा कारभार मोठ्या ताई बघतात. त्या चाकांच्या खुर्चीत बसूनच सगळीकडे फिरतात. चाकांना तेल द्यायचे राहिले की त्यांच्या आधी त्यांची कुरकुर पोहोचते.

मला वळले ते पीळकाकांनी. ते जन्मापासून आंधळे. दोर वळतात म्हणून हे नाव पडले, आणि स्वभावालाही ते शोभते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे कोणी त्यांना ऐकवले की ते म्हणतात, "मुळात सुंभ जळू देतोय कोण?" उरल्यासुरल्या सुताचे पेड करून, हाताने फिरवायच्या चाकावर त्यांनी मला तीन दिवस पीळ दिला. पण मी जास्तच जाड झालो. विकायला ठेवले तर कोणी ढुंकून पाहीना. दोन वर्षे मी कपाटाखाली पडून होतो.

मग एक दिवस केंद्रात नव्याने आलेल्या एका आंधळ्या आजोबांनी मोरीचे दार समजून मागचे दार उघडले. मागच्या दाराबाहेर लगेच तीन दगडी पायऱ्या आहेत. आजोबा चौकटीला धरून कसेबसे सावरले. त्या दुपारी पीळकाका कपाटाखाली हात घालून म्हणाले, "चल बाबा, तुला नोकरी लागली."

आमच्या इमारतीत एकच लांब बोळ आहे. आत येताना उजव्या हाताला सलग भिंत, आणि डाव्या हाताला सारख्या अंतरावर तीन दारे. पहिले शिवणघराचे, दुसरे मोरीचे, तिसरे मागच्या पायऱ्यांचे. उजव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला आकडे ठोकून मला टांगले आणि प्रत्येक दारासमोर पीळकाकांनी गाठी मारल्या. पहिल्या दारासमोर एक, दुसऱ्यासमोर दोन, तिसऱ्यासमोर तीन. एक लागली की डावीकडे वळायचे, तीन पावले टाकायची, शिवणघर आले. दोन लागल्या की तसेच वळून मोरी. तीन लागल्या की थांबायचे. वळायचे नाही, पाऊल उचलायचे नाही, कोणाला तरी हाक मारायची. त्या तीन गाठींवर काकांनी गोणपाटाची खरखरीत चिंधीही गुंडाळली. घाईत मोजायला चुकलेल्या हाताला ती तरी टोचावी, हा हेतू.

अकरा वर्षे मी हे काम केले, आणि अभिमानाने केले. घामेजलेले हात, थरथरते हात, चिडलेले हात, मी सगळे सांभाळले. पाहुणे आले की ताई मला दाखवत. पाहुणे माझे फोटो काढत, "किती साधी कल्पना!" म्हणत आणि पुढे जात. कौतुक सगळे डोळ्यांनी. हात लावून गाठी मोजणारा एकही पाहुणा मला आठवत नाही. रोजच्या माणसांच्या पायांना बोळ पाठ झाला की त्यांनाही माझी गरज उरत नसे. त्यामुळे कोणी नवे आले तरच माझी आठवण निघे.

अशीच एकदा शिवणमावशी आली. पस्तीस वर्षे तिने शर्ट आणि शाळेचे गणवेश शिवले होते. काचबिंदूने वर्षभरात तिची नजर गेली. तिला पहिल्यांदा घेऊन आली तिची लेक. लेक कामावर जाई, मावशी घरी एकटी. एकदा मावशीचा हात स्टोव्हवर भाजला. एकदा ती जिना उतरून थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तेव्हापासून लेक कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावू लागली होती.

"मला काही हौस नाही कडी लावायची," लेक ताईंना सांगत होती. "पण दिवसभर माझा जीव टांगणीला असतो."

मावशी मध्येच म्हणाली, "तुझा टांगणीला, माझा कोंडवाड्यात."

मग त्या दोघींत एक ठरले. दोनदा मावशीने पीळकाकांबरोबर शिकायचे. तिसऱ्या खेपेला तिने फाटकापासून शिवणघरातल्या मशीनपर्यंत एकटीने जायचे. जमले तर कडी निघणार आणि मावशी रोज केंद्रात येणार. नाही जमले तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मित्रांनो, मावशीसारखा हात मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या बोटाच्या टोकाला सुईने पडलेले घट्टे होते. तिने मला पकडले नाही, कापड पारखावे तशी माझ्यावरून बोटे फिरवली आणि काकांना म्हणाली, "तिसरा पेड जरा सैल वळलाय तुम्ही." काका खो खो हसले. अकरा वर्षांत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या खेपेला मावशी पूर्ण बोळ न अडखळता चालली. जाताना तिने आपली मोठी कात्री ताईंकडे ठेवायला दिली. "आता इथंच राहू दे," ती म्हणाली, "माझी जागा धरायला."

तिसरी खेप आठवड्याने होती. मधल्या काळात बोळाला रंग द्यायचे ठरले. रंगारी भला माणूस, कामाला चोख. भिंत मोकळी करायला त्याने मला आकड्यांवरून काढले. माझा मळ पाहून त्याला वाईट वाटले असावे, कारण कोणी न सांगता त्याने मला साबणाने धुतले आणि उन्हात वाळवले. गोणपाटाची चिंधी कळकट झाली होती, ती टाकून दिली. रंग झाल्यावर माझ्यावर पडलेले आकड्यांचे वळ पाहून त्याने मला पुन्हा त्याच आकड्यांवर टांगले, उरलेले शेपूट गुंडाळले आणि ताणून सरळ केले. पण त्याने मला उलटे टांगले. फाटकाकडचे टोक मागे गेले आणि मागचे टोक फाटकाकडे आले. डोळ्यांना दोराची दोन्ही टोके सारखीच दिसतात. गाठी म्हणजे त्याला जुन्या दोराला पडलेल्या गाठी वाटल्या.

ताई येऊन पाहून गेल्या. "छान उजळलाय," म्हणाल्या. चांगली माणसे होती दोघेही, म्हणूनच मला जास्त लागते. मी भिंतीवर ताणलेला होतो. एक आकडा तरी निसटावा म्हणून मी आतल्या आत खूप ओढ घेतली. पण रंगाऱ्याचे काम चोख होते.

दुसऱ्या दिवशी रंग वाळायला म्हणून केंद्र बंद ठेवले होते. मोकळ्या बोळात मावशीला सोपे जाईल, असा विचार करून ताईंनी तिला त्याच दिवशी बोलावले. रंगाचा वास जावा म्हणून मागचे दार सताड उघडे ठेवले होते. ताई शिवणघरात, मशीनमध्ये दोरा ओवून बसल्या. मावशीने लेकीला बाहेरच्या बाकावर बसवले आणि बजावले, "आत यायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. मी काय कुक्कुलं बाळ नाही."

तिचा हात माझ्यावर आला. गार होता, पण स्थिर होता. पहिल्या दारासमोर तिच्या बोटांना तीन गाठी लागल्या.

ती थांबली. पुन्हा मोजल्या. तीन. तीन म्हणजे पायऱ्या, वळायचे नाही. एरवी शिवणघरातून मशीनच्या तेलाचा वास येई, तो रंगाच्या वासाखाली बुडाला होता. "इथं तीन कशा?" ती पुटपुटली. हाक मारायची, असे काकांनी शिकवले होते. पण हाक मारली तर लेक आत येईल आणि ठरलेले मोडेल. ती पुढे सरकली. दोन लागल्या. आणखी पुढे सरकली, आणि एक गाठ लागली. एकच. तिने श्वास सोडला. तिच्या हातातला ताण उतरलेला मला कळला. ती डावीकडे वळली आणि बिनधास्त तीन पावले चालली.

पायऱ्यांवर तिचे उजवे मनगट मोडले. शिवणाऱ्या हाताचे.

लेक धावत आली, ताई खुर्ची ढकलत आल्या. मावशी रडत नव्हती. ती एकच गोष्ट सांगत होती, "पहिल्या दाराशी तीन गाठी होत्या. मी मोजल्या. दोनदा मोजल्या."

ताई हळुवारपणे म्हणाल्या, "मावशी, तीन तर इथं असतात, पायऱ्यांपाशी. घाबरल्यामुळं गडबड झाली असेल. होतं असं."

आणि लेक म्हणाली, "आई, तुला आता मोजतासुद्धा येत नाही."

मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो. कोणीही हात लांब केला असता तर खरे काय ते कळले असते. कोणी केला नाही. मावशी आणखी एकदा "तीन होत्या" म्हणाली, पण आधीपेक्षा हळू. मग ती गप्प झाली. त्या गप्प होण्याची मला अजून भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीळकाका आले. त्यांना माझी गरज नव्हती, सवयीने त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. पहिल्या दाराशी ते थबकले. मग मागच्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि असे ओरडले की शिवणघरातल्या मशीनी थांबल्या.

"मला वाटत होतं इथं आंधळा मी एकटाच आहे!"

ताईंना कळले तेव्हा त्या खुर्ची वळवून माझ्यासमोर आल्या. मग म्हणाल्या, "मी रोज इथून जाते, काका. अकरा वर्षांत याला कधी हात लावला नाही." रंगाऱ्याला बोलावले. त्याने मला उतरवले आणि काकांचा हात आपल्या हातावर घेऊन, एकेक गाठ विचारत, नीट टांगले. जाताना घरून आणलेली नवी गोणपाटाची चिंधी त्याने स्वतः गुंडाळली.

ताईंनी मावशीच्या घरी तीनदा फोन केला. चूक आमची होती, असे स्पष्ट सांगितले. लेकीला ते शिष्टाचाराचे बोलणे वाटले. "तुम्ही चांगल्या आहात, पण आता नको," म्हणून तिने फोन ठेवला. ताईंना तिच्या घरी जायचे होते, पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिन्याशिवाय वाट नाही.

तीन आठवड्यांनी लेक एकटीच आली. मावशीची कात्री न्यायला. कात्री म्हणजे धरून ठेवलेली जागा, हे मला ठाऊक होते. माझा पीळच सैल झाल्यासारखा वाटला.

पीळकाका फाटकाशीच बसले होते. ते म्हणाले, "कात्री देतो. पण ती शिवणघरात आहे. डोळे मिटून जा नि घेऊन ये."

"काका, मला वेळ नाही."

"तुझ्या आईनं दोनदा मोजलं होतं. तू एकदा तरी मोज."

काय वाटले कोणास ठाऊक, तिने डोळे मिटले. तिचा हात मावशीच्याच घडणीचा होता, फक्त घट्टे नव्हते. एक गाठ लागली तेव्हा ती वळली नाही, पुढे गेली. दोन लागल्या. मग चिंधी लागली, आणि चिंधीखाली तीन. तिथे ती उभी राहिली. काकांनी तिला तेव्हा सगळे सांगितले. दोर कसा उलटा टांगला होता, त्या दिवशी पहिल्या दाराशी कोणत्या गाठी होत्या. तिने मला घट्ट धरले.

"मी तिला म्हटलं, तुला मोजता येत नाही," ती म्हणाली. "काका, तेव्हापासून ती काहीच मोजत नाही. पावलं नाही, घास नाही. मी बसवते तिथं बसते. मला वाटलं, शहाणी झाली."

काका मागच्या टोकाकडे गेले. शेवटच्या आकड्याला माझे दहा-बारा हात शेपूट गुंडाळलेले असते. ते त्यांनी सोडवले, लेकीला शिवणघरातून कात्री आणायला लावली आणि मावशीच्याच त्या कात्रीने कापले. मला दुखले नाही, मित्रांनो. काकांनी विचारले, पलंगापासून मोरी किती, दार किती. त्या मापाने तुकड्यावर गाठी मारल्या. मोरीपाशी दोन, बाहेरच्या दारापाशी एक. लेकीने तुकडा पिशवीत घातला. कात्री मात्र तिने परत मशीनवर ठेवली.

त्यानंतर कितीतरी दिवस काही कळले नाही. रोज सकाळी फाटक वाजले की मी कान देत असे. इथे आता एक नवा नियम झाला आहे. केंद्र उघडेल त्याने आधी डोळे मिटून माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायचा. पहिला मान ताईंनी घेतला. एक हात माझ्यावर ठेवला की त्यांची खुर्ची वाकडी जाते, म्हणून मागून कोणीतरी धरावी लागते. तरी त्या सोडत नाहीत.

परवा लेकीचा फोन आला. ताईंनी तो बोळातच घेतला, म्हणून मलाही ऐकू आला. मावशी अजून घराबाहेर पडत नाही. प्लास्टर निघाले आहे, पण बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत. महिनाभर तिने त्या दोराला हातही लावला नव्हता. आदल्या दिवशी मात्र ती उठली आणि भिंतीच्या कडेने दारापर्यंत आली. तिथे थांबून, जरा भीत भीतच म्हणाली, "इथं एक गाठ आहे."

"मग?" ताईंनी विचारले.

"मला दिसत होती हो ती गाठ," लेक म्हणाली. "तरी मी जाऊन हात लावला. म्हटलं, हो आई, एकच आहे. आणि बाहेरची कडी उचकटून काढली."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला धुऊ नका, माझ्यावर छत्र्या अडकवू नका, असे मी सांगत बसणार नाही. मी दोर आहे, आज आहे, उद्या झिजेन. पण ज्याला तुमच्यासारखे दिसत नाही, ऐकू येत नाही, चटकन बोलता येत नाही, असे कोणी तुम्हाला म्हणाले की इथे तीन गाठी आहेत, तर त्याला चुकलास म्हणण्याआधी जागचे उठा. तीन पावले चाला, हात लावा आणि स्वतः मोजा.

मशीनवर कात्री अजून आहे. ताई आठवड्यातून एकदा तिला तेल लावून ठेवतात.