एल्विनची सही

मार्लीन ट्रॉयरने वूस्टर गावातल्या शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं काढली. नवरा गेला, पाठोपाठ निवृत्ती आली आणि रिकामं घर खायला उठू लागलं. बहीण मागे लागली म्हणून ती नोटरी झाली. परीक्षा दिली, उजवा हात वर करून शपथ घेतली, शिक्का मागवला. वर्षभर गाड्यांच्या विक्रीचे कागद आणि मुलांची संमतीपत्रं केली. मग ऑनलाइन नोटरीची वेगळी परवानगीही काढली.

"आता घरबसल्या अख्ख्या ओहायोच्या सह्या बघ," बहीण म्हणाली.

एका शनिवारी सकाळी दहाला संगणकाच्या पडद्यावर एक खाट दिसली. खाटेवर एल्विन स्कॅग्ज, नाकात ऑक्सिजनची नळी. चाळीस वर्षं नदीवरच्या मालवाहू बोटींवर राबलेला माणूस. आता पोर्ट्समथच्या हॉस्पिसमध्ये शेवटचे दिवस मोजत होता. उशाशी ट्वायला. बावीस वर्षं दोघं एका घरात राहत होते, पण लग्न केलेलं नव्हतं. घर एल्विनच्या एकट्याच्या नावावर. ते ट्वायलाला देण्याचा कागद वकिलाने तयार करून पाठवला होता. नोटरीसमोर सही झाली नाही, तर घर जाणार होतं फ्लोरिडातल्या भावाकडे, ज्याच्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

"दरवर्षी म्हणायचा, नदीचं पाणी उतरलं की लग्न करू," ट्वायला म्हणाली.

"उतरलंच नाही पाणी, मी काय करू?" एल्विनने धापा टाकत उत्तर दिलं.

मार्लीनला हसू आलं. माणूस पुरता शुद्धीत होता. कागद काय आहे, कुणासाठी आहे, सगळं त्याने नीट सांगितलं. राहिली फक्त ओळख पटवणी. त्यासाठी संगणक त्याच्या आयुष्याबद्दल पाच प्रश्न विचारणार, वेळ दोन मिनिटं, चार उत्तरं बरोबर हवीत.

"त्र्याण्णव साली यांपैकी कुठल्या रस्त्यावर राहत होतात?" एल्विनने अडखळत वाचलं. "अहो बाई, तेव्हा मी बोटीवर झोपायचो. हे सगळे रस्ते मला सारखेच."

ट्वायला काही सांगायला गेली, तशी मार्लीन म्हणाली, "तुम्ही नाही सांगायचं. त्यांनाच आठवू द्या."

औषधाने त्याचे डोळे मिटत होते. पहिल्यांदा तो नापास झाला, दुसऱ्यांदाही. पडद्यावर सूचना आली: चोवीस तास थांबा.

"चोवीस तास!" ट्वायला ओरडली. "डॉक्टर आजची रात्र सांगतायत. अहो, दिसतोय ना समोर! लायसन्सवरचा फोटो आणि हा एकच नाही का?"

एकच होता. पडद्याच्या कोपऱ्यात दुसरी एक चौकट होती: या व्यक्तीला मी स्वतः ओळखते. तिथे खूण केली असती तर प्रश्नांची गरजच नव्हती. मार्लीनचं बोट तिथवर गेलं. पण या माणसाला ती वीस मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटली होती.

"गावात कुणी नोटरी नाही का?"

"वकिलाकडची सुट्टीवर आहे. इथल्या हॉस्पिसच्या लोकांना असल्या कागदाला हात लावायची परवानगी नाही."

मार्लीनने पोर्ट्समथच्या तीन नोटऱ्यांना फोन लावले. कुणीच उचलला नाही. मग तिने शिक्का पिशवीत टाकला आणि ट्वायलाला सांगितलं, "मी येते. समोरासमोर नुसतं लायसन्स पुरतं. तीन-साडेतीन तास धीर धरा."

दक्षिणेकडे जाताना ती कुठेही थांबली नाही. हॉस्पिसच्या दारात गाडी लावली तेव्हा दोन वाजले होते.

एल्विन श्वास घेत होता, पण जागा नव्हता.

"तासापूर्वी तुम्हाला विचारत होता," ट्वायला म्हणाली. "अरे म्हाताऱ्या, ऊठ. बाई आल्यायत."

दोघी वाट बघत बसल्या. तीन वाजले, चार वाजले. शेवटी ट्वायलाने पेन त्याच्या बोटांत अडकवलं, वरून आपली मूठ आवळली आणि मार्लीनकडे बघितलं.

"त्याच्या मनात काय होतं, तुम्ही ऐकलंय ना? स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नुसता शिक्का मारा."

मार्लीनने शिक्का पिशवीतून काढलाच नाही. "ट्वायला, ही तुमची सही होईल. त्यांची नाही."

ट्वायलाने हात सोडला. पेन चादरीवर पडलं. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून पडून राहिली. मार्लीनने तिच्यासाठी कॉफी आणली, ती तशीच गार झाली. सूर्य मावळायच्या आत एल्विन गेला.

घर भावाला मिळालं. परतल्यावर कितीतरी आठवडे मार्लीनने ऑनलाइनचं एकही काम घेतलं नाही. भांडी घासताना, चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधेच ती चौकट तिच्या डोळ्यांसमोर यायची. एक खूण, आणि त्या बाईच्या डोक्यावर छप्पर राहिलं असतं. आपण बरोबर वागलो हे तिला ठाऊक होतं. त्याने जिवाला थंडावा मात्र मिळत नव्हता.

ऑक्टोबरात ट्वायलाचा फोन आला. भावाच्या वकिलाने कागद पाठवला होता: घरातल्या सामानावर आपला हक्क नाही, असं तिने नोटरीसमोर लिहून द्यायचं होतं.

"दुसरं कुणीही चाललं असतं," ती म्हणाली. "पण त्याला बघितलेलं माणूस असावं असं वाटलं."

पडद्यावर तिच्यामागे मोकळ्या भिंती होत्या. नियमाप्रमाणे मार्लीनने विचारलं, "ही सही तुम्ही स्वखुशीने करताय ना?"

ट्वायलाने मागच्या भिंतींकडे एकदा वळून बघितलं.

"करतेय," ती म्हणाली, "एवढंच लिहा."