खोडलेली ओळ

अठरा वर्षं सगळं इस्पितळ तिला 'सिस्टर' म्हणत होतं. एका दुपारनंतर ती 'वीसवाली' झाली. कँटीनच्या रांगेत, लिफ्टमध्ये, झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा कुजबुजायच्या, "ती बघ, वीसवाली." सगळे तिची पाठ वळायची वाट पाहायचे, तेवढीच काय ती माणुसकी.

झालं होतं ते असं. चौदा नंबरच्या खाटेवर मधुमेहाचे एक आजोबा होते. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर डॉक्टरांच्या नोंदीत दोन ओळी होत्या: दुपारी जेवणाआधी इन्सुलिन वीस युनिट, संध्याकाळी आठ युनिट. सिस्टरने दुपारी वीस दिलं. तासाभरात आजोबा घामाने निथळले, काहीबाही बरळले आणि डोळेच फिरवले. तिनेच धावत जाऊन ग्लुकोज चढवलं. आजोबा वाचले, चार दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेले.

पण चौकशीत त्या नोंदीची छापील प्रत निघाली, आणि दुपारच्या ओळीवर ही भली मोठी आडवी रेघ! सकाळी किडनीचा रिपोर्ट आला म्हणून डॉक्टरांनी तो डोस रद्द केला होता. दवाखान्याच्या नोंदीत काही पुसायचं नसतं. रद्द झालेलं खोडायचं, म्हणजे आधी काय होतं तेही वाचता येतं. कागदाच्या काळापासूनची शिस्त ती, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरही पाळली होती.

"मला रेघ दिसली नाही हो," ती म्हणाली.

कॉम्प्युटर विभागाचे साहेब खुर्चीत मागे रेलले. "कागदावर दिसतं तेच स्क्रीनवर दिसतं. सिस्टर, एकदा डोळे तपासून घ्या."

आणि चौकशी कमिटीतले दोघे हसले. ते हसू तिच्या काळजात जाऊन रुतलं. खापर तिच्या डोक्यावर फुटलं. तिला वॉर्डातून काढून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. पेशंटला हात लावायचा नाही. नर्स म्हणून तिची नोंदणी ठेवायची की रद्द करायची, ते तीन महिन्यांनी शेवटच्या सुनावणीत ठरणार होतं.

वाईट याचं की तिने खरंच डोळे तपासून घेतले. डोळ्यांत काही दोष नव्हता. मग दोष आपल्यातच, असं म्हणत ती झुरत राहिली.

सुनावणीला अकरा दिवस उरले असताना बायकांच्या वॉर्डातून फोन आला. एका पेशंटची नोंद ताडून पाहायची होती. सिस्टर आपल्या स्क्रीनवरून वाचत गेली आणि म्हणाली, "ही तिसरी ओळ सोड, खोडलीय."

"कुठे खोडलीय? माझ्यासमोर तर धडधडीत आहे."

"नीट बघ ना गं."

"अगं बाई, मी काय आंधळी आहे?"

सिस्टर फोन तसाच टाकून तीन मजले चढून गेली. तीच नोंद, तीच ओळ. पण रेघ नाही. लाल अक्षरं नाहीत, ठळक अक्षरं नाहीत, सगळा मजकूर एका रंगाचा. आणि गंमत म्हणजे वाचायला अगदी बिनचूक वाटणारा. शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं.

खाली येऊन तिने जुन्या तक्रारी उपसल्या. तिच्या त्या दुपारच्या दोन महिने आधीची एक सापडली: "नोंदीतली लाल अक्षरं दिसेनाशी झाली आहेत." खाली साहेबांचा शेरा: "वॉर्डातले कॉम्प्युटर हळू चालतात, म्हणून तिथे नोंदी साध्या अक्षरांत दाखवत आहोत. अडचण नाही. तक्रार बंद."

म्हणजे मेल्याला ठाऊक होतं! ठाऊक असून हा माणूस तिच्या तोंडावर 'डोळे तपासून घ्या' म्हणाला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तो कागद छापून तिने पर्समध्ये घातला.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या गणिताच्या बाई, जन्म शाळेत गेलेला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आत्ता जाऊन बोंब मारू नकोस. आधी सांगितलंस तर तो गुपचूप बटण दाबेल आणि म्हणेल, बघा, दिसतंय की. मग बस रडत."

"मग काय करू, आई?"

"उत्तर सांगायचं नाही. फळ्यासमोर उभं करायचं आणि गणित त्यालाच सोडवायला लावायचं. सगळ्या वर्गादेखत."

सिस्टर कितीतरी दिवसांनी हसली. मग तिचं हसू मावळलं. "पण आई, तोवर वॉर्डात कुणाला काही झालं तर?"

"ते तू बघ. सूड तुझा आहे, पेशंटचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने नोंदी चाळायचा सपाटा लावला. रोज डॉक्टरांचा राउंड झाला की सगळ्या वॉर्डांच्या नोंदी उघडायच्या, खोडलेली ओळ दिसली की फोन करायचा. "सात नंबरचं दुपारचं औषध डॉक्टरांना विचारूनच दे." वही करून त्यात वेळ, खाट, फोन घेणारीचं नाव. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. सुट्टीच्या दिवशीही ती येऊन बसली. वॉर्डातल्या पोरी टिंगल करायच्या, "वीसवालीला आता सगळीकडे वीसच दिसतात." तिने दातओठ खात तेही ऐकून घेतलं.

फक्त एकदा फोन पाच मिनिटं लागला नाही. लागला तेव्हा पलीकडची म्हणाली, "अगं, सुई हातातच आहे माझ्या." आपला हट्ट एखाद्याच्या जिवावर बेतला असता, हे सिस्टरला कळत होतं. तरी ती गप्प राहिली. राग इतका होता.

सुनावणी वॉर्डाच्या ड्युटी रूममध्येच घ्या, एवढंच तिने मागितलं. मोठे डॉक्टर, मेट्रन, नर्सिंग कौन्सिलकडून आलेल्या एक निवृत्त बाई आणि साहेब, सगळे दाटीवाटीने बसले.

"मला काही बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली. "साहेबांनी फक्त माझं काम एकदा करून दाखवावं. या वॉर्डातल्या एका पेशंट बाईंची आज सकाळची ही नोंद आहे. वाचून दुपारचा डोस भरा. बाटलीत नुसतं पाणी आहे."

"हा काय पोरखेळ?" साहेब म्हणाले.

"भरा हो," मेट्रन म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

साहेबांनी स्क्रीनवर नजर टाकली, मोठ्याने वाचलं, "दुपारी जेवणाआधी बावीस युनिट." सिरिंज वर धरून दांडा खेचला. बरोबर बावीसवर आणला आणि विजयी मुद्रेने सिरिंज टेबलावर ठेवली. "झालं?"

"झालं." तिने त्याच नोंदीची छापील प्रत शेजारी ठेवली. दुपारच्या ओळीवर आडवी रेघ होती. "मारलंत की हो बाईंना! माझ्यापेक्षा दोन जास्तच दिलंत. डोळे तपासून घ्या, साहेब."

कुणी हसलं नाही. मग तिने तक्रारीचा कागद काढला आणि शेरा वाचून दाखवला, तारखेसकट.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस बेरकी. "कागद कधी सापडला तुम्हाला?"

"अकरा दिवसांपूर्वी."

"ऐकलंत? अकरा दिवस या बाई मूग गिळून बसल्या! पेशंट मेला असता तर?"

मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने वही टेबलावर आपटली.

"एक्केचाळीस ओळी, एक्केचाळीस फोन. शेवटचा आजचा, याच बाईंसाठी. नावं लिहिलीत, बोलावून विचारा. तुम्ही तक्रार बंद करून झोपलात, अकरा दिवस तुमचं काम मी केलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही बटण दाबून मोकळे झाला असता, आणि मी जन्मभर वीसवाली राहिले असते."

मोठ्या डॉक्टरांनी सगळी वही चाळली. मग साहेबांना म्हणाले, "आत्ता, माझ्यासमोर, सुरू करा त्या रेघा."

साहेब खुर्चीत बसले. चार बटणं. तेवढंच काम होतं. स्क्रीन एकदा पांढरा झाला आणि बावीसच्या ओळीवर रेघ उमटली. सिस्टर ती रेघ बघत राहिली. या चार बटणांसाठी तिचे तीन महिने गेले होते, एका म्हाताऱ्याचा जीव जाता जाता राहिला होता. तिला रडू आलं, पण त्या माणसासमोर तिने ते आवरलं.

नंतर व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं. "सिस्टर, नोकरी जाईल हो माझी. अनवधानाने झालं, एवढं कमिटीला सांगा ना."

"तक्रार बंद," ती म्हणाली आणि चालू लागली.

सोमवारी ती परत वॉर्डात आली. कँटीनच्या रांगेत मावशी कुजबुजल्या, "कळलं का? बावीसवाला गेला म्हणे." तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने चहा घेतला, तोही दोनदा.

दुपारी चौदा नंबरच्या खाटेवरच्या नव्या आजोबांची नोंद तिने उघडली. दुपारी इन्सुलिन दहा युनिट. ठळक अक्षरं, रेघ नाही, सगळं स्वच्छ. तिने सिरिंज उचलली, परत खाली ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"दिसत नाही का स्क्रीनवर?" डॉक्टर वैतागले.

"दिसतंय," ती म्हणाली. "तरी तुम्ही तोंडाने सांगा."